पाण्यातल्या घराला ओळंबा

“शशी, तो खांब वाकडाय.”

होडी अजून घराला लागायची होती. मी एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं पदर धरून अंबाबाईचं नाव घेत बसले होते. समोर एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ दिसेना. आणि त्या पाण्यात, उंच उंच लाकडी खांबांवर, अख्खं गाव उभं. घरं, किराणा, शाळा, केस कापायचं दुकानसुद्धा. रस्ता म्हणून कुठं नाहीच, सगळीकडे पाणी. दुसरा कुणी असता तर त्यानं हे बघून हात जोडले असते. आमच्या ह्यांनी खिशातून ओळंबा काढला.

ओळंबा म्हणजे गवंडी लोक भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लावून सोडतात ना, तो. ह्यांचा पितळेचा, लिंबाएवढा, खाली टोकदार. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले तेव्हा सासऱ्यांनी घेऊन दिलेला. ह्या ओळंब्यानं माझा सगळा संसार मोजलाय. देवघराची चौकट, कपाट, भिंतीवरचे फोटो. आमच्या लग्नात बोहल्यावर चढायच्या आधी ह्यांनी मांडवाच्या खांबाला तो लावून बघितला होता. खांब बोटभर वाकडा निघाला म्हणून मंडपवाल्याला बोलावलं, आणि मी हार घेऊन तशीच उभी.

“अहो, आत ठेवा तो,” मी म्हटलं. “आपण खांब बघायला आलोय का मुलगी?”

“घर बघितलं की माणसं कळतात,” हे म्हणाले आणि एक डोळा मिटून दोऱ्याकडे बघत राहिले. होडी हलत होती, दोरा हलत होता, हेही हलत होते. “सगळेच वाकडे आहेत,” ते शेवटी म्हणाले.

ह्याला आता अठरा वर्षं झाली. आमचा सुहास तेव्हा कंबोडियात होता. तळ्याकाठच्या गावांतून प्यायच्या पाण्याचे फिल्टर बसवायचं काम करायचा. एक दिवस गडहिंग्लजला फोन आला. “आई, मला एक मुलगी आवडलीय. इथलीच आहे. शाळेत शिकवते. पाण्यावर राहते.”

“पाण्यावर म्हणजे? होडीत?”

“नाही गं, खांबांवर घर आहे.”

मी फोन ह्यांच्या हातात दिला. आता बापानं काय विचारावं? मुलीचं नाव विचारावं, आईवडील विचारावेत. ह्यांनी विचारलं, “खांब कसले आहेत?”

मग ठरलं, जाऊन बघायचं. “घर बघितल्याशिवाय मी होकार देणार नाही,” ह्यांनी जाहीर केलं. मी देवघरातली एक सुपारी पुरचुंडीत बांधून घेतली. जमलं तर तिथंच सुपारी फोडायची आणि लग्न ठरवूनच यायचं, असं माझं चाललेलं.

होडीत सुहास माझ्या कानाशी लागला. “आई, नीट ऐक. होकार अण्णांनी द्यायचा नाहीये. इथं आजी ठरवणार. पाहुण्यांनी दोन रात्री राहायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीनं स्वतःच्या हातानं विडा करून दिला तर होकार. नाही दिला तर एक शब्द बोलायचा नाही. होडीत बसायचं आणि निघायचं.”

“म्हणजे दाखवायला आपल्याला आणलंय होय?”

“तसंच समज.”

“अरे पण मुलाकडचे आपण!” हे म्हणाले. त्यांचे कान त्या वयातही तिखट होते.

सुहास हसला नाही. मी त्याचा चेहरा बघितला. पोरगं पुरतं अडकलं होतं. आजीनं विडा दिला नाही तर हा घरी आला तरी अर्धाच येणार, हे मला तिथंच कळलं.

मुलीचं नाव चन्नारी. सावळी, हसरी, चुणचुणीत. सुहासनं तिला मराठी शिकवलं होतं, पण एकच वाक्य. शिडी चढून मी वर गेले तशी ती वाकून नमस्कार करत म्हणाली, “जेवलात का?” पाणी आणून दिलं, “जेवलात का?” जेवण झालं, हात पुसायला फडकं दिलं, तेव्हाही “जेवलात का?” मी दर वेळी “हो बाई, जेवले” म्हणत राहिले. मला ती पहिल्या तासातच आवडली.

तिला आई नव्हती. वडील साम्नांग, मासेमारी करणारे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. आणि आजी, साम्नांगची आई. ऐंशीच्या पुढची, डोकं भादरलेलं, ओठ पानानं लालभडक. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आपला पानाचा डबा पुढं सरकवला.

आता तुम्हाला सांगते, मला पानाचं व्यसन. ह्यांना खपत नाही म्हणून पस्तीस वर्षं मोरीत जाऊन चोरून खात आले होते. तिथं मात्र घरच्या रीतीला नाही कसं म्हणायचं? मी ह्यांच्या डोळ्यांदेखत तोंडभर पान खाल्लं. आजीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. तरी आम्ही दोघी दिवसभर बोलत होतो. मी तिला माझ्या सासूबद्दल सांगितलं, ती बहुतेक तिच्या सासूबद्दल सांगत होती.

माझ्याकडून विडा पक्का होता. भानगड होती ह्यांची. जमीन बांबूच्या पट्ट्यांची, मधून पाणी दिसायचं. माझं वजन तेव्हा अठ्ठ्याहत्तर किलो. मी जपून पाय टाकायची, आणि हे मुद्दाम उड्या मारून बघायचे. भिंतींवर टकटक, तुळयांवर टकटक. आजी त्यांच्याकडे बघून सुपारी कातरायची. मला त्या अडकित्त्याच्या आवाजाची भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साम्नांग जाळी बघायला गेले, चन्नारी शाळेत गेली, सुहास तिला होडीनं सोडायला गेला. मागच्या बाजूला वेगळ्या चार खांबांवर स्वयंपाकघर होतं, त्यात आजी चुलीवर भात शिजवत बसली होती. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, “शशी, चार बोटं.”

“काय चार बोटं?”

“स्वयंपाकघराचे खांब. चारही कोपऱ्यांत चार-चार बोटं आत कललेत. मोठी लाट आली तर म्हातारी खाली जाईल. आपल्या सुनेची आजी ती!”

सुनेची! ह्यांच्या तोंडातून तो शब्द पहिल्यांदाच आला होता. मी लगेच विचारलं, “मग तुमचा होकार आहे?”

“खांब सरळ झाला की आहे. पाच मिनिटांचं काम आहे. पाचर काढायची, खांब ओळंब्यात आणायचा, पाचर परत ठोकायची. एक खांब करून दाखवतो, बाकीचे तो माणूस करून घेईल. तू फक्त दोरा धर.”

तुझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाई मला जन्मभर म्हणत आल्या. पण नको तेव्हा चालणारी ती जीभ त्या दिवशी नेमकी गप्प बसली. मनात म्हटलं, करू दे. एक खांब सरळ झाला की हे हो म्हणतील, उद्या आजी विडा देईल, सुपारी फुटेल. एवढ्या लांब येऊन एका खांबासाठी कशाला अडायचं?

हे बनियन आणि लेंग्यावर खालच्या छोट्या होडीत उतरले. हातोडा म्हणून आजीचा मसाला कुटायचा बत्ता घेतला. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पालथी पडले आणि फटीतून ओळंबा खाली सोडला. आजीनं वळून बघितलं. मी हसले, तीही हसली. तिला वाटलं असेल, ह्या पाहुण्यांकडे सकाळची अशीच रीत असते.

“धरलास?”

“धरलाय. हलवू नका होडी!”

“होडी मी हलवत नाही, पाणी हलवतंय. बघ आता, पाचर काढतो.”

खालून ठक ठक ठक. मग “आली!” असा ह्यांचा आनंदाचा आवाज. मी दोऱ्याकडे बघितलं. खांब कसा आपोआप बाहेर सरकत सरकत दोऱ्याला चिकटून उभा राहिला. केसाचासुद्धा फरक नाही.

“अहो, ओळंब्यात आला!” मी ओरडले.

आणि स्वयंपाकघर बसलं.

पडलं म्हणत नाही मी, बसलं. थकलेली बाई बसते तसं, हुश्श करून, एका कोपऱ्यावर. खांब सरळ झाला, पण त्याच्या खाचेत टेकलेली तुळई सुटली होती. जमीन उतरती झाली आणि आम्ही दोघी पालथ्या-उताण्या घसरत निघालो. मी आजीचं लुगडं धरलं, आजीनं माझी वेणी धरली. चूल चर्रर्र करून विझली. मी डोळे उघडले तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात बसले होते आणि माझ्या शेजारी आजी बसली होती. तिच्या डोक्यावर भाताचं भांडं होतं, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. घसरता घसरता म्हातारीनं भात वाचवला होता. पातेल्या, पळ्या, एक पाटा सोडला तर स्वयंपाकघरातलं सगळं तळ्यात तरंगत चाललं होतं, आणि शेजारची एक बाई होडीतून आमची कढई धरायला निघाली होती.

तेवढ्यात शाळेपर्यंत आरडाओरडा पोचला. चन्नारी आणि सुहास होडी वल्हवत आले. ती पोर बिचारी भेदरलेली, मला पाण्यात बघून तिच्या डोळ्यांत पाणी. मला धीर द्यायला तिला मराठीत काहीतरी बोलायचं होतं. ती हात पुढं करून रडत रडत म्हणाली, “जेवलात का?”

“अण्णा!” सुहास किंचाळला. “काय केलंत हे?”

“खांब सरळ केला,” हे म्हणाले.

खोटं नव्हतं ते. खांब एकदम सरळ उभा होता. फक्त त्याच्यावर आता काही नव्हतं.

साम्नांग आले. गावातल्या होड्या गोळा झाल्या, बायका, पोरं, सगळे बघायला. साम्नांगनी स्वयंपाकघराकडे बघितलं, आईकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं. सुहासनं मान खाली घालून सांगितलं, “ते विचारतायत, कुणी केलं?”

माझ्या मनगटाला ओळंब्याचा दोरा अजून गुंडाळलेला होता. तो सगळ्या गावाला दिसत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे होडीत उभे राहिले.

“मी,” ते म्हणाले. “एकट्यानं. हिचा काही संबंध नाही.”

पस्तीस वर्षांत ह्यांनी कधी चूक कबूल केली नव्हती. वरण खारट झालं तरी मीठ माझं आणि कुकर बिघडला तरी हात माझा. त्या दिवशी बनियनवर, हातात बत्ता घेऊन, परक्या लोकांपुढं ते “मी एकट्यानं” म्हणाले, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडूच फुटलं. आजीला वाटलं मला थंडी वाजतेय. तिनं एका हातानं भांडं धरून दुसरा हात माझ्या पाठीवर फिरवला.

साम्नांगनी पुन्हा काही विचारलं. “पाचर कुठाय, विचारतायत.”

ह्यांनी लेंग्याच्या खिशातून पाचर काढली. कशाला ठेवली होती विचारा. नमुना म्हणून!

साम्नांग ओरडले नाहीत. ते ह्यांच्या होडीत उतरले. ह्यांचे दोन्ही पाय जवळ आणून त्यांना ताठ उभं केलं, आणि होडीला एक हेलकावा दिला. हे सरळच्या सरळ पाण्यात. पोरं टाळ्या पिटायला लागली. साम्नांगनी ह्यांना बाहेर ओढलं, परत उभं केलं. ह्या वेळी पाय लांब फाकवून, वरचं अंग आत घेऊन. हेलकावा दिला. हे हलले, पण पडले नाहीत. आणखी जोरात दिला, तरी नाही.

ह्यांचे डोळे मोठे झाले. “पैलवान!” ते ओरडले. “शशी, अगं पैलवान उभा राहतो तसे खांब आहेत हे! मुद्दाम कलवलेत! लाट आली की सरळ उभा राहणारा उताणा होतो.” ते खांबाकडे बघत राहिले. “आणि मी त्याचे पाय जवळ आणले.”

सुहासनं ते जमेल तसं सांगितलं. साम्नांगनी मान हलवली. हसले मात्र नाहीत, आणि आजीकडे बघायची तर कुणाची छाती होईना.

मग गावानं स्वयंपाकघर उचललं. कुणी बोलावलं नाही, पैसे नाहीत, काही नाही. कुणाचं घर बसलं की हातातलं काम टाकून यायचं, एवढंच. वीस-पंचवीस माणसं पाण्यात उतरली. हेही उतरले. “अण्णा, तुम्ही वर या,” सुहास म्हणाला. “गप बस,” हे म्हणाले आणि गळ्याएवढ्या पाण्यात खांबाला खांदा देऊन उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. मी वरून बघत होते. दुपार कलली तेव्हा तुळई खाचेजवळ आली. आता खांब किती आत घ्यायचा ते मोजायचं होतं. मी दोरा पुढं केला. ह्यांनी बघितलंसुद्धा नाही.

साम्नांगनी आपली चार बोटं खांबाला लावली. मग थांबले. बोटं काढली, पाण्यातून ह्यांचा हात वर घेतला आणि ह्यांची चार बोटं तिथं टेकवली. ह्यांची बोटं जाड. जरा जास्त कल आला. “ठीकाय?” असं त्यांनी मानेनंच विचारलं. ह्यांनी मान हलवली. मग दोघांनी मिळून पाचर ठोकली, आजीच्याच बत्त्यानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधून बसलो. म्हटलं, होडीत बसायला सांगितलं तर निदान पटकन निघता येईल. सुहासच्या तोंडचं पाणी पळालेलं. आजी पानाचा डबा घेऊन आली. पान घेतलं, चुना लावला, सुपारी ठेवली, घडी घातली. पहिला विडा मला. दुसरा सुहासला. त्यानं एवढ्या घाईनं घेतला की विडा पडला, तो त्यानं जमिनीवरून उचलून तसाच तोंडात टाकला. तिसरा विडा हातात धरून आजी ह्यांच्याकडे बघत बसली. मग एक लांबलचक वाक्य बोलली.

चन्नारी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. सुहासनं सांगितलं, “आजी म्हणते, मुलगी देते. स्वतःची चूक आहे म्हणणारा माणूस तिनं ह्या वयात पहिल्यांदा बघितला. पण व्याह्यांनी जन्मात तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.”

“कबूल,” हे म्हणाले. आणि जे आयुष्यात पानाला शिवले नव्हते, त्यांनी तो विडा तोंडात टाकला. चुन्यानं जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. मी माझी पुरचुंडी सोडली, आजीचा अडकित्ता घेतला आणि आमची गडहिंग्लजची सुपारी त्या पाण्यातल्या घरात फोडली. निघताना ह्यांनी ओळंबा साम्नांगच्या हातात ठेवला. साम्नांगनी तो उलटसुलट बघितला, वजन बघितलं, खूश झाले आणि तिथल्या तिथं आपल्या जाळ्याच्या कडेला बांधून टाकला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार.

“चांगला बुडेल,” हे म्हणाले.

त्या सकाळचा एक फोटो आमच्या बैठकीत लावलाय. आम्ही सगळे दुरुस्त केलेल्या स्वयंपाकघरासमोर, ह्यांचे गाल विड्यानं फुगलेले. घरातले सगळे फोटो ओळंब्यात, हा एकच चार बोटं कललेला. पाहुणे येतात, उठून सरळ करतात. ते गेले की हे उठायचे आणि परत कलवायचे. आता हे एक्क्याऐंशीचे झाले, गुडघे गेले, तेव्हा खुर्चीतूनच हाक येते, “शशी, फोटो सरळ झालाय बघ.” मग मी उठते.

गेल्या महिन्यात चन्नारी नातीला घेऊन आली होती. नात आता तेरा वर्षांची आहे. चन्नारीचं मराठी फर्डं झालंय, तरी आल्या आल्या ती वाकून “अण्णा, जेवलात का?” म्हणाली आणि हे हसले. पोरीनं काय केलं, फोटो वाकडा दिसला म्हणून सरळ करून टाकला.

“अगं अगं अगं,” हे ओरडले. “चार बोटं! चार बोटं पाहिजेत!”

पोरगी गोंधळली. मग आपली चार बोटं फोटोच्या खाली लावून तिनं तो हळूच कलवला. मी बघितलं, तिची बोटं बारीक, कल कमीच आला होता. मी उठायला लागले.

“बस,” हे म्हणाले. “तिनं मोजलंय. राहू दे तसाच.”

तेव्हापासून तो तसाच आहे.